टनेल ‘अप’, सर्व्हर गायब

प्रश्न : दोन शाखांच्या सिस्को राउटरांमध्ये जीआरई टनेल टाकून जुनं आयपीएक्स चालवतोय. टनेल ‘अप’ आहे, पण पलीकडचा नेटवेअर सर्व्हर दिसत नाही.

उत्तर : त्या ‘अप’वर विसंबू नका. कीपअलाइव्ह लावलेलं नसेल, तर समोरच्या पत्त्याकडे जाणारा मार्ग राउटिंग टेबलात असला की पुरतं. पलीकडचा राउटर बंद का असेना. आधी टनेलच्या सोर्स पत्त्यावरून डेस्टिनेशनला पिंग करा. पोहोचला, तर फायरवॉल तपासा. जीआरई हा आयपीचा ४७ क्रमांकाचा प्रोटोकॉल. लोक टीसीपीचं ४७ नंबरचं पोर्ट उघडून निर्धास्त होतात! टनेलचा आयपीएक्स नेटवर्क क्रमांक दोन्ही टोकांना एकच हवा, कुठल्याही लॅनचा नको. राउटरच्या सर्व्हर-यादीत नाव आलं, तरी संगणकाला दिसेना? मग घोळ बहुधा तुमच्याच लॅनवरच्या फ्रेम टाइपचा.