बसण्याचे पैसे

स्वारगेट, पुणे

चि. सोनू,

टोकियोच्या ऑफिसातली तुझ्या स्वागताची पार्टी इझाकायात ठरली आहे. तू दारू पीत नाहीस, मांस-मच्छी खात नाहीस, म्हणून काहीतरी सबब सांगून ती टाळावी असं तुझ्या मनात आहे. टाळू नकोस. इझाकायाला आपण बार तरी समजतो नाहीतर हॉटेल तरी, आणि दोन्ही हिशेबांनी तो महाग आणि अडचणीचा वाटतो. माझ्या मते तिथं विकली जाते ती मुख्यतः बैठक. दारू आणि खाणं तिच्या सोबतीला. हे एकदा ध्यानात घेतलंस की काय मागवावं, काय नाकारावं आणि बिल आल्यावर कुठे गप्प बसावं, हे आपोआप ठरतं.

आम्हा स्वारगेटकरांच्या डोळ्यांसमोरचा जपान म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, आखीव आणि शांत. त्यावरून जपानी माणूस आठही प्रहर हळू आवाजात बोलत असणार असा आपला समज. इझाकायात तोच माणूस टेबलावरून ‘सुमिमासेन!’ अशी हाळी देऊन वेटरला बोलावतो आणि कुणी वळूनही बघत नाही. दिवसा साहेबापुढे मोजकं बोलणाऱ्याला तिथं तोंड उघडायची मुभा असते, आणि त्या मुभेसाठीच लोक जमतात.

दुकानाची सगळी घडणच हे सांगते. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, दारूविक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दुकानातच बसून प्यायची सोय दिली, त्यातून हा धंदा वाढला. १५९६ साली सुरू झालेल्या तोशिमाया या दुकानाचं नाव दारूइतकंच मिसो लावून भाजलेल्या तोफूसाठीही झालं. आज तू आत जाऊन बसलीस की हात पुसायला ओला रुमाल येतो आणि त्यापाठोपाठ न मागवलेली एक इवलीशी वाटी, ओतोशी. तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. पुष्कळ ठिकाणी जागा दोनच तासांसाठी मिळते आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी घेतात. ‘हवं तितकं प्या’ ही योजनासुद्धा ग्लासांवर नाही, मिनिटांवर असते. आपल्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याचं गणित नेमकं उलटं: गाडी सुटायच्या आत मिसळ संपवून तू उठलीस, तर त्याचं पुढचं गिऱ्हाईक बसणार. इझाकायावाला तुझी खुर्ची अडकवून ठेवतो आणि तिचं भाडं घेतो. न मागितलेल्या वाटीचे पैसे का द्यायचे, हा अस्सल पुणेरी प्रश्न आहे आणि रास्तही आहे. पण टिप द्यायची तिथं पद्धत नाही, तेव्हा ती वजाबाकीही करून बघ. वाटीत मासा असला तर सुरुवातीलाच नम्रपणे सांग. खाऊन झाल्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

शाकाहाराची अडचण मात्र खरी आहे, तिला मी हलकी म्हणणार नाही. भाज्या शिजतात त्या बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यात. तळलेलं तोफू येतं तेव्हा त्यावर त्याच माशाचे कागदासारखे पातळ काप पसरलेले असतात, आणि वाफेने ते जिवंत असल्यासारखे हलतात. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढं पुरत नाही. ‘माशाचं पाणीही चालत नाही’ असं दोन दिवस आधी, जागा ठरवणाऱ्या सहकाऱ्याला कळव. ऐनवेळी सांगितलंस तर त्या बिचाऱ्याची पंचाईत. मीठ घालून उकडलेल्या एदामामे शेंगा, काकडी, बटाट्याचे काप एवढ्यावर भागवायची तयारी ठेव आणि घरून पोटभर खाऊन जा. जायचं बसायला, मग अर्धपोटी का बसायचं? उष्ट्याची धास्तीही नको. ताटल्या सामायिक असल्या तरी प्रत्येकापुढे स्वतःची छोटी बशी असते. ओसाकाच्या कुशिकात्सूच्या, म्हणजे काडीला लावून तळलेल्या तुकड्यांच्या, दुकानांत तर एकदा चावलेली काडी सामायिक सॉसमध्ये पुन्हा बुडवायला सक्त मनाई! तुझ्या आजीला हा नियम फार आवडेल.

दारूचा आग्रह झाला तर? होऊ शकतो. पहिल्या ‘कानपाई’ला ग्लास उचलणं महत्त्वाचं, त्यात काय आहे ते नाही. ऊलाँग चहा मागव, पण नाव स्पष्ट उच्चार. ऊलाँग-हाय म्हणजे तोच चहा शोचू नावाची दारू घालून, आणि दोन्ही ग्लास दिसायला सारखेच. दुसऱ्यांचे ग्लास तू भर, तो शिष्टाचार आहे. आपला ग्लास भरलेला ठेव, म्हणजे त्यात कुणी ओतणार नाही. औषध चालू आहे वगैरे थाप मारू नकोस. औषध कधीतरी संपतं आणि मग नवी थाप लागते. ‘मी पीत नाही’ हे एकदाच, हसून सांगितलेलं पुरतं.

राहिली वर्गणी. बिल सारखं वाटून घेतलं तर न पिणाऱ्याला चाट बसते, हे मी नाकारत नाही. कधी वरिष्ठ जास्त भरतात, कधी नवागताकडून घेतच नाहीत, पण त्या भरवशावर जाऊ नये. पहिल्या बैठकीचे पैसे कुरकुर न करता दे, कारण खुर्ची तुझीही होती. त्यानंतर दुसऱ्या दुकानात जायची टूम निघते, निजिकाई. तिला खुशाल नकार दे. त्याचं कुणाला फारसं वाटत नाही, आणि खिसा हलका होतो तो तिथंच.

ताईला फोनवर सगळं सरळ सांग; तिने ‘बार’ म्हणून डोळे वटारले तर तिची समजूत मी काढतो. सायकलने मात्र जाऊ नकोस, परतताना अंधार आणि गर्दी असते. टोकियोतल्या लोकल रात्री साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात, तेव्हा तुझ्या स्टेशनची शेवटची गाडी कितीला आहे ते निघण्यापूर्वी बघून ठेव.

तुझा,
मामा