पनीरचा साचा घरीच करा, पाचशेच्या आत

सावजी रश्श्यात पनीरचा भुगा झाला, की आपण दुधाला नावं ठेवतो. पुष्कळदा चूक दाबाची असते. फडक्यात बांधून वरवंट्याखाली ठेवलेलं पनीर एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे भुसभुशीत राहतं. सगळीकडे सारखा दाब देणारा साचा नागपुरात पाचशे रुपयांच्या आत तयार होतो.

वजन किती लागतं?

डेअरीच्या प्रचलित पद्धतीत ३५ बाय २८ सेंटिमीटरच्या साच्यावर ४५ किलो वजन १५ ते २० मिनिटं ठेवतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४६ ग्रॅम. १२ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला या हिशेबाने ५ किलो पुरतात. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन पाण्याने भरली, की झालं. स्क्रू आणि स्प्रिंगवर पैसे घालू नका.

सामान आणि अंदाजे खर्च

- एकात एक बसणारे स्टीलचे दोन उभे डबे (इतवारी): २०० ते ३०० रुपये
- भोकं पाडण्याची मजुरी: ५० ते १०० रुपये
- एक मीटर मलमल (गांधीबाग): ६० ते १०० रुपये
- एकूण: ३१० ते ५०० रुपये

डबे दुकानातच एकमेकांत उतरवून पाहा. फट अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आतला डबा उंच हवा. तो काठाच्या वर राहिला नाही, तर कॅन बाहेरच्या डब्यावरच टेकते आणि पनीरवर दाब पडत नाही.

मोठ्या डब्याच्या तळाला आणि खालच्या अर्ध्या भागाला ३ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. ड्रिल आतून बाहेर चालवायला सांगा, म्हणजे पत्र्याची धार बाहेर येते. ती कानशीने घासून घ्या. नाहीतर धुताना हात कापतो.

पनीरचं पाणी आंबट असतं. त्यामुळे नळाचा पीव्हीसी पाइप, जस्ताचा पत्रा, ॲल्युमिनियम किंवा प्लायवूड साच्यासाठी वापरू नका.

वापर

दूध उकळून ७० अंशांपर्यंत निवू द्या. एक टक्का लिंबूसत्त्वाचं गरम पाणी हळूहळू घालत दूध फाडा. गरम असतानाच मलमल अंथरलेल्या मोठ्या डब्यात भरा, वर आतला डबा आणि कॅन ठेवून २० मिनिटं दाबा आणि मग दोन-तीन तास फ्रीजमधल्या गार पाण्यात ठेवा. मे महिन्यात पनीर ओट्यावर राहू देऊ नका.

परवडतं का?

दोन लिटर फुल क्रीम दुधाला साधारण १४० ते १५० रुपये लागतात आणि सुमारे ४०० ग्रॅम पनीर मिळतं. तेवढंच पाकीटबंद पनीर १७० ते १८० रुपयांना पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. गॅस धरला तर बचत थोडीच. पण वनस्पती तेलाचं नकली पनीर बाजारात असताना, आपल्या ताटात दुधाचंच पनीर आहे याची खात्री मिळते.

चेडरसारख्या कडक चीजचा विचार असेल तर थांबा. त्याला जास्त दाब लागतोच, शिवाय १० ते १३ अंशांत कित्येक महिने मुरवावं लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी वेगळा फ्रीज हवा. तो नसेल तर हजारो रुपयांचा तयार प्रेस घेऊ नका. पनीरला दोन डबे आणि एक कॅन पुरेशी आहे.