धुराड्यातून उतरणारा गारवा

शेकोटीपुढे बसले की तोंड भाजते आणि पाठ गारठते, हा अनुभव सर्वांचाच आहे. थंड देशांत भिंतीतच शेकोटी बांधतात; तिला फायरप्लेस म्हणतात. तिची बरीचशी उष्णता धुराड्यावाटे निघून जाते आणि गेलेल्या हवेची जागा भरण्यास बाहेरची थंड हवा फटींतून घरात शिरते. हा दोष कमी व्हावा म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या लोखंडी शेगडीचे वर्णन १७४४ साली प्रसिद्ध केले. काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये धुराड्याचा घसा अरुंद करण्याचा उपाय मांडला. आता जुन्या फायरप्लेसमध्ये दार असलेली लोखंडी शेगडी बसवितात. तीच ‘इन्सर्ट’ होय. परंतु ती नवी बसविल्यावरही, विस्तव नसताना, तिच्याजवळून गार झोत येतो अशी तक्रार अमेरिका-कॅनडात पुष्कळदा ऐकू येते. असे का व्हावे?

याचे उत्तर हवेच्या घनतेत आहे. ०° सेल्सियसला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२९ किलोग्रॅम, तर २०° ला १.२० किलोग्रॅम असते. बाहेर ०° आणि ६ मीटर उंचीच्या धुराड्यात २०° असेल, तर दाबातील फरक जेमतेम ५ पास्कल, म्हणजे अर्धा मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा भरतो. धूर १५०° ला पोचला की तोच फरक सुमारे २७ पास्कल होतो. म्हणून पेटलेली शेगडी धूर वर ओढते. विझलेल्या धुराड्याचा जोर मात्र स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखादेखील मोडून काढतो. धुराडे बाहेरच्या भिंतीत असल्यास ते गार पडते. मग उबदार घर हेच मोठे धुराडे बनते आणि खऱ्या धुराड्यातून हवा खाली ओढते.

ही हवा दोन वाटांनी येते. पहिली वाट शेगडीच्या नळीतून. दुसरी नळीच्या भोवतालून : जुने धुराडे रुंद, नवी नळी अरुंद, आणि नळी जावी म्हणून आतली झडप काढलेली किंवा कापलेली असते. त्या पोकळीतली जड, थंड हवा खाली उतरून दर्शनी पत्र्याच्या कडेने खोलीत येते.

वाट ओळखण्यास उदबत्ती पुरे. शेगडी थंड असताना ती दाराच्या आणि पत्र्याच्या कडेने फिरवावी. धूर जेथे खोलीकडे ढकलला जाईल, तेथून हवा येते. दाराजवळ तसे दिसल्यास पंखा बंद करून पाहावा, दाराची दोरीसारखी पट्टी झिजली असल्यास बदलावी, वरच्या मजल्यावरील फटी बुजवाव्यात. पत्र्याजवळ दिसल्यास झडपेच्या जागी नळीभोवती धातूचा पत्रा घट्ट बसवून त्यावर न जळणारी खनिज लोकर भरावी. धुराड्याच्या माथ्यावरही नळीभोवतालची जागा बंद करावी. हे काम शेगडीसोबतच्या सूचनांप्रमाणे जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे.

मात्र झोत थांबविण्यासाठी खुद्द नळीत बोळा कोंबणे जिवावर बेतू शकते. विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेतील निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. गॅसच्या इन्सर्टमध्ये तर हवेचा कोणताही मार्ग बंद करू नये. अशा घरात या वायूची सूचना देणारा यंत्र-भोंगा असावाच.

तात्पर्य, नळीभोवतालची वाट बुजवावयाची आणि नळीची वाट मोकळी राखावयाची. हा भेद कळल्याशिवाय कोणत्याही फटीस हात लावू नये.