चाकावरची काळी पूड काय सांगते?

गाडी धुऊन चार दिवस वापरली की बाकी अंग बऱ्यापैकी स्वच्छ राहते. पण पुढच्या दोन अलॉय रिमवर काळपट-तपकिरी थर दिसू लागतो. पुष्कळ जण त्याला रस्त्याची धूळ समजतात. नुसती रस्त्याची धूळ असती, तर ती चारही चाकांवर साधारण सारखीच बसली असती. ही पूड गाडीने स्वतःच तयार केलेली असते. ती कशी होते, रिमला काय करते आणि ती धुण्याआधी नीट का पाहावी, हे या लेखात मांडतो.

पूड कुठून येते?

चाकाबरोबर बिडाची एक डिस्क फिरते. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पॅडमध्ये धातूचे तंतू, ग्रॅफाइट, खरखरीत खनिजे आणि हे सगळे बांधून ठेवणारी राळ असते. घर्षणात पॅडही झिजतो आणि डिस्कही. त्यामुळे या पुडीत कार्बन असतो, राळेचे अंश असतात आणि भरपूर लोखंड असते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकवर जास्त काम पडते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांची पूड ड्रमच्या आतच अडकते, म्हणून मागची चाके स्वच्छ दिसतात.

किती काम पडते, हे आपल्या भौतिकशास्त्राच्या सूत्रांनी काढता येते. १,००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० ज्यूल होते. गाडी थांबवताना यातील बहुतेक ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते. एवढ्या उष्णतेने २५ अंशांवरचे सुमारे ६०० ग्रॅम पाणी उकळीला येईल. हे एकदा थांबण्याचे झाले.

आता डोंगराचा हिशोब पाहा. सिमला आणि कालका यांच्या उंचीत सुमारे १,४०० मीटरचा फरक आहे. तीच गाडी सिमल्याहून कालक्याला उतरली, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे १,३७,००,००० ज्यूल येतो. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगावरून जवळजवळ ७० वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा! यातला काही भाग हवा, टायर आणि इंजिन घेतात. उरलेला ब्रेकला सोसावा लागतो. डोंगर उतरून आलेल्या गाडीची पुढची चाके काळी का असतात, ते यावरून कळते.

रिमचे नुकसान कसे होते?

अलॉय रिम म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू. त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. पूड दवात किंवा पावसात भिजली की तिच्यातले लोखंडाचे कण गंजतात आणि थर घट्ट धरतो. लॅकरला दगड लागून टवका उडाला असेल, तर ओलावा थेट ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम खारट ओलाव्यात एकत्र आले की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मग लॅकरखाली पांढरट फोड आणि रेघा दिसू लागतात. त्या धुऊन जात नाहीत.

धुण्याची पद्धत

१. चाक पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी मारू नये. शिवाय गरम रिमवर शॅम्पू वाळून डाग पडतात.

२. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी पूड काढावी. कोरड्या फडक्याने पुसले की तेच कण लॅकरवर ओरखडे काढतात.

३. चाकांसाठी बादली आणि स्पंज वेगळे ठेवावेत. गाडीचा सौम्य, उदासीन शॅम्पू घेऊन मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागची बाजूही धुवावी.

४. एका वेळी एकच चाक धुवावे आणि लगेच कोरडे करावे.

५. धुतल्यावर गाडी सावकाश चालवून दोन-तीनदा हलका ब्रेक लावावा, म्हणजे ओली डिस्क सुकते.

जुना, घट्ट थर असेल तर लोखंड काढणारे खास द्रावण मिळते. त्यातील थायोग्लायकोलेटची लोखंडाशी क्रिया होऊन जांभळा रंग येतो. पूड लोखंडाची आहे, याचा तो पुरावाच. हातमोजे घालून वापरावे आणि वाळण्याआधी धुऊन टाकावे.

संडास धुण्याचे ॲसिड आणि कॉस्टिक सोडा रिमला कधीही लावू नये. ॲल्युमिनियमचे रक्षण करणारा ऑक्साइडचा थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. तारेची घासणी आणि बेल्टचे बक्कल चमकवायचे पितळेचे पॉलिश लॅकर घासून काढतात. डिझेलने पुसायची सवय तर धोक्याची आहे, कारण ते टायरचे रबर खराब करते आणि डिस्कवर उडाले तर ब्रेक घसरतो. सुकलेली पूड हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासातून आत जाते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या कणांवरही मर्यादा घातली आहे.

पूड कमी बसावी म्हणून

बुटाच्या टोकावर पॉलिशचे थर चढवले की चिखल वरच्यावर राहतो आणि ओल्या फडक्याने निघतो, हे प्रत्येक कॅडेटला माहीत आहे. रिमचेही तसेच. स्वच्छ, कोरड्या रिमवर चाकांसाठीचे मेण किंवा सीलंट पातळ लावावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा लावावे. ते फक्त रिमला लावायचे. डिस्क किंवा पॅडला त्याचा थेंबही लागता कामा नये. पूड अडवण्यासाठी चाकामागे झाकण बसवणे मला योग्य वाटत नाही, कारण डिस्क थंड करणारी हवाही त्याने अडते. सिरॅमिक पॅडची पूड फिकट आणि कमी चिकट असते. मात्र आपल्या गाडीला कंपनीने मान्य केलेलेच पॅड घ्यावेत.

खरा उपाय ड्रायव्हरच्या हातात आहे. ज्या गिअरमध्ये चढण चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा डोंगरातल्या ड्रायव्हरांचा जुना नियम आहे. मग गाडी रोखण्याचे बरेचसे काम इंजिन करते, पूड कमी होते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोकाही टळतो.

धुण्याआधी पाहा

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगतो. पूड म्हणजे ब्रेकचा रोजचा अहवाल असतो. पुढच्या दोन्ही चाकांवर ती सारखी असेल, तर काळजीचे कारण नाही. एकावर खूप आणि दुसऱ्यावर अगदी कमी असेल, तर एका बाजूचा पॅड डिस्कला सतत घासत असेल किंवा दुसऱ्या बाजूचा ब्रेक नीट धरतच नसेल. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली गेली किंवा एकच चाक जास्त तापले, तर ही शंका पक्की होते. पुडीत तेलकट ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.

आपण पाहण्याआधीच चाके धुतली, तर हा अहवाल पाण्याबरोबर वाहून जातो. चमकणाऱ्या चाकामागे अडकलेला कॅलिपर तसाच राहतो आणि पुढच्या उतारावर त्याची किंमत गाडीतल्या माणसांना मोजावी लागते. म्हणून बादली भरण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि चारही चाके पाहा. त्याला एक मिनिटही लागत नाही.