पांढरे डाग आणि पाहणाऱ्याची दृष्टी

बहुतेक रोगांची पहिली खबर रोग्याला स्वतःच्या शरीराकडून मिळते. ताप येतो, अंग दुखते, भूक मंदावते. आणि मग तो वैद्याकडे जातो. कोडाची गोष्ट याहून निराळी आहे. मनगटावर, ओठांच्या कडेला किंवा पापणीजवळ एक पांढरा ठिपका उमटतो. तो दुखत नाही, बहुधा खाजतही नाही, आणि त्यामुळे कोणत्याही कामात अडथळा येत नाही. पुष्कळदा तो प्रथम दिसतो तो दुसऱ्याच कोणाला तरी. “हे काय झाले?” असा प्रश्न तो दुसरा विचारतो आणि रोग्याचे दुःख तेथून सुरू होते. शरीराला फारशी इजा न करणारा हा विकार मनाला इतका जड का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर त्वचेला रंग कसा येतो हे प्रथम पाहिले पाहिजे आणि त्यानंतर त्या रंगाकडे पाहणाऱ्या समाजाकडे वळले पाहिजे.

त्वचेला रंग कसा येतो

आपल्या बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात रंजकपेशी नावाच्या विशिष्ट पेशी विखुरलेल्या असतात. टायरोसीन या द्रव्यापासून त्या मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य तयार करतात. प्रत्येक रंजकपेशीला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात आणि त्यांच्या द्वारे ती आपल्या भोवतीच्या सुमारे ३५ ते ४० त्वचापेशींना रंगद्रव्याचे सूक्ष्म कण पुरविते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपासून पेशींचे रक्षण करणे हे या कणांचे मुख्य कार्य होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतील रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी तयार केलेल्या कणांच्या प्रमाणात, आकारात आणि मांडणीत. ज्या वर्णभेदावर मनुष्यजातीने एवढे उच्चनीचतेचे डोलारे उभे केले, त्याचा पाया इतका सूक्ष्म आहे.

रंग का नाहीसा होतो

कोडामध्ये काही ठिकाणच्या रंजकपेशी नष्ट होतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी झुंजणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा या विकारात स्वतःच्याच रंजकपेशींना शत्रू समजते, आणि ‘टी’ पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्यावर हल्ला करतात. म्हणून आज कोडाची गणना स्वयंप्रतिकारजन्य विकारांत होते. अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, काही विकारही याच जातीचे असल्याने कोड असलेल्या व्यक्तीने त्या ग्रंथीची तपासणी करून घेणे हिताचे असते.

जगाच्या लोकसंख्येत साधारणपणे दर शंभर माणसांत अर्धा ते दोन इतके या विकाराचे प्रमाण आहे. स्त्री असो वा पुरुष, गोरा असो वा काळा, कोणालाही तो होऊ शकतो. मात्र सावळ्या त्वचेवर तो अधिक उठून दिसतो. सुमारे निम्म्या रोग्यांत त्याची सुरुवात वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच होते. आनुवंशिकतेचा त्यात काही वाटा आहे. रोग्याच्या जवळच्या नातेवाइकांत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. तथापि त्यांपैकी बहुसंख्यांना तो कधीच होत नाही.

काही रासायनिक द्रव्येही रंजकपेशींना मारक ठरतात. १९३९ साली अमेरिकेतील एका चर्मोद्योगात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग गेला. त्या रबरातील एक रसायन याला कारण असल्याचे निष्पन्न झाले. आपल्याकडे कपाळावरील टिकलीच्या चिकट द्रव्यातील रसायनामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर नेमका टिकलीच्याच जागी पांढरा डाग पडल्याचे त्वचारोगतज्ज्ञांना आढळले आहे. याउलट, मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड उठते ही सर्वत्र आढळणारी समजूत मात्र निराधार आहे.

नावातील घोटाळा

कोड स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने वा हातात हात दिल्याने ते दुसऱ्यास होत नाही. कारण त्यात जंतूच नसतात. असे असता लोक त्यापासून दूर का सरतात? याचे एक कारण भाषेतच दडलेले आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासून आला. प्राचीन वैद्यक ग्रंथांत या विकाराला ‘श्वित्र’ आणि ‘किलास’ अशी स्वतंत्र नावे होती. परंतु लोकव्यवहारात दोन भिन्न व्याधी एकाच नावाखाली आल्या. तमिळ भाषेतील ‘वेण्कुट्टम्’ या जुन्या शब्दाचा अर्थही पांढरे कुष्ठ असाच होतो. त्याऐवजी ‘वेण्पुळ्ळि’, म्हणजे पांढरा ठिपका, हा शब्द तेथे आता रूढ होत आहे. बंगाली भाषेत ‘श्वेती’ असे निर्दोष नाव आहे.

वस्तुतः या दोन विकारांतील भेद स्पष्ट आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हा जंतू नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पण सहसा दुधासारखा पांढरा नसतो, आणि त्या जागेची संवेदना पुष्कळदा मंद किंवा नाहीशी झालेली असते. कोडाच्या डागावर कापसाचा बोळा फिरविला तर तो इतर त्वचेवर जाणवतो तसाच जाणवतो. निदान अर्थातच वैद्यानेच करावयाचे असते.

मात्र “हे कुष्ठ नव्हे” एवढे सांगून थांबणे न्यायाचे होणार नाही. कारण त्यातून कुष्ठरोग्याला दूर लोटणे योग्य होते असा अर्थ निघेल. कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्यावर बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण मानलेले होते. २०१९ साली संसदेने ते काढून टाकले. कोडाचा उल्लेख त्या कायद्यात कधीच नव्हता. पण कायद्यात नसलेली शिक्षा समाजाने विवाहाच्या बाजारात कोड असलेल्या मुलींना अनेकदा दिली आहे.

मनावरील भार

या शिक्षेचे माप कसे घ्यावे? डागाचे क्षेत्रफळ मोजता येते. परंतु दुःख त्या प्रमाणात वाढते असे नाही. पाठीवर मोठा डाग असलेला मनुष्य निश्चिंत असू शकतो आणि बोटांच्या टोकांवर चार ठिपके असलेली मुलगी वर्गात हात वर करण्याचे सोडून देते. ही अडचण ओळखून वेल्समधील कार्डिफ येथे फिनले आणि खान या दोघांनी १९९४ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली काय, कपड्यांची निवड बदलली काय, खेळणे, बाजारहाट, काम वा अभ्यास यांत अडचण आली काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. उत्तरांना शून्य ते तीस गुण दिले जातात. गुण जितके अधिक, तितका आयुष्यावरील भार अधिक. वैद्याने डागाबरोबर माणसाचीही विचारपूस करावी, हे त्या प्रश्नावलीचे सार होय.

अशा अभ्यासांतून असे दिसून आले आहे की कोड असलेल्या व्यक्तींत चिंता आणि विषण्णता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. उघड्या अंगावर डाग असले, वय कोवळे असले किंवा त्वचा सावळी असली, तर हा भार वाढतो. मनुष्य पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागतो, छायाचित्र टाळतो, समारंभास जाणे सोडतो. एकान्ताने चिंता वाढते आणि चिंतेने एकान्त. मनावरील ताणानंतर डाग उठल्याचे काही रोगी सांगतात. परंतु “तू काळजी करतोस म्हणूनच हे वाढते” असे रोग्याला सुनावण्यास त्यामुळे आधार मिळत नाही. त्याने त्याच्या दुःखात अपराधाची भर मात्र पडते.

कीर्तीदेखील यापासून संरक्षण देत नाही. अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन यांनी १९९३ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्याला हा विकार असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. २५ जून २००९ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात त्यांचे म्हणणे खरे ठरले. २०११ पासून २५ जून हा दिवस या विकाराच्या जागृतीचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

उपचार कोठवर आले आहेत

बावचीच्या बिया आणि सूर्यप्रकाश यांचा एकत्र उपयोग भारतात प्राचीन काळापासून माहीत होता. बावचीत असलेल्या सोरालेन वर्गाच्या द्रव्यांमुळे त्वचा प्रकाशाला अधिक संवेदनशील होते, हे पुढे कळले. परंतु या द्रव्यांनी त्वचा भाजून फोडही येतात. म्हणून घरगुती प्रयोग धोक्याचे ठरतात. आज सुमारे ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांचा मोजून मापून उपयोग करतात. प्रतिकारयंत्रणेचा हल्ला सौम्य करणारी मलमे आहेत. त्यांपैकी रुक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. डाग दीर्घकाळ स्थिर असतील तर निरोगी भागातील रंजकपेशींचे रोपणही करता येते.

रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांपासून, लहान लहान ठिपक्यांच्या रूपाने. कारण तेथे रंजकपेशींचा साठा शिल्लक असतो. म्हणूनच केस नसलेल्या बोटांच्या टोकांवर व ओठांवर उपचारांना यश कमी येते. एकंदर उपचारास महिनोन्महिने लागतात आणि रंग पुन्हा जाऊही शकतो. “पंधरा दिवसांत खात्रीने बरे” अशी जाहिरात करणाऱ्यापासून सावध राहावे हे यावरून उघड होते. डागांचे उन्हापासून रक्षण करावे, कारण तेथे नैसर्गिक छत्र उरलेले नसते. आणि मन खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे हाही उपचाराचाच भाग होय.

पाहणाऱ्यांचा वाटा

या विकाराच्या उपचाराचा एक भाग औषधालयात मिळत नाही. तो पाहणाऱ्यांच्या हातात आहे. ‘नितळ’ या २००६ सालच्या मराठी चित्रपटात कोड असलेल्या एका तरुणीची कथा आली, ती हाच प्रश्न समाजापुढे ठेवते. प्रत्येक शाळेत हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. एखाद्या मुलाच्या हनुवटीवर डाग उमटतो. शेजारचा विद्यार्थी बाक बदलून मागतो. अशा वेळी शिक्षकाने त्या मुलाला वेगळे बसविले, तर दयेपोटी केलेली ती कृतीही भीतीला पुष्टी देते. त्याऐवजी, हा रोग स्पर्शाने होत नाही आणि डागाच्या जागी फक्त रंग नाही, एवढे दोन वाक्यांत सर्व वर्गाला शांतपणे सांगावे, आणि बाकांची मांडणी होती तशीच राहू द्यावी. त्या मुलाचा डाग जाण्यास कदाचित वर्षे लागतील, कदाचित तो जाणारही नाही. पण त्याच्या शेजारची जागा रिकामी राहणार नाही, एवढी व्यवस्था त्याच दिवशी होऊ शकते.