वनरक्षणाचे व्रत आणि रक्षकांची संघटना

राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यास एक अधिसूचना पुरते. ते टिकविण्यास मात्र माणसे लागतात. ही गोष्ट साधी वाटली, तरी ती राज्यकर्त्यांच्या ध्यानी येण्यास जगात सर्वत्र बराच काळ जावा लागला. अमेरिकेतील उद्यानरक्षकांच्या संघटनेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

एकट्याचे काम नव्हे

१८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सुमारे ९,००० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशातील वन्यप्राण्यांवर देखरेख ठेवण्यासाठी १८८० साली हॅरी यौंट या एकाच गृहस्थाची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडले. मात्र जाताना, हे काम एका माणसाच्या आवाक्यातील नसून त्यासाठी लहानसे पण विश्वासू रक्षकदल हवे, असा अभिप्राय त्यांनी नोंदविला. १८८६ पासून सुमारे ३० वर्षे तेथे सैन्याने पहारा दिला. १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थापना झाली आणि रक्षकांना स्वतंत्र यंत्रणा लाभली.

संघटनेचा जन्म

या सेवेतील काही रक्षक १९७७ साली वायोमिंग राज्यात एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय उद्यानरक्षकांची संघटना स्थापन केली. ही कामगार संघटना नव्हे. ती व्यावसायिक संस्था आहे. वार्षिक संमेलन भरविणे, ‘रेंजर’ हे नियतकालिक चालविणे, नवोदितांना मार्गदर्शन करणे आणि धोरणकर्त्यांपुढे रक्षकांची बाजू मांडणे, ही तिची प्रमुख कार्ये होत.

रक्षकाचा दर्जा आणि निसर्गसंपत्तीचे जतन हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे या कार्यामागील सूत्र आहे. कोणता पाणवठा केव्हा आटतो, कोणत्या पायवाटेने शिकारी शिरतात, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या पायपिटीतून येते. अल्प वेतनाला कंटाळून अनुभवी रक्षक निघून गेला, की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. १९९४ साली अमेरिकेत रक्षकांच्या पदांची फेररचना होऊन त्यांची वेतनश्रेणी उंचावली. व्यावसायिक दर्जाच्या मागणीला आलेले ते महत्त्वाचे फळ होय.

देशांच्या सीमेपलीकडे

३१ जुलै १९९२ रोजी इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट येथे या संघटनेने दोन ब्रिटिश संस्थांसह आंतरराष्ट्रीय रेंजर महासंघाची स्थापना केली. २००७ पासून ३१ जुलै हा जागतिक रेंजर दिन म्हणून पाळला जातो. २०१९ साली महासंघाची जागतिक परिषद नेपाळमधील चितवन येथे भरली, तेव्हा रक्षकांची सुरक्षितता व सेवाशर्ती यांचा विचार अग्रभागी होता.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे ‘रेंजर’ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, असा अर्थ रूढ आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मात्र प्रत्यक्ष जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षकाचाही त्यात समावेश होतो, आणि सर्वाधिक धोका त्याच्याच वाट्याला येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात व्याघ्रगणनेसाठी पायी पाहणी करीत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा हुतात्म्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन हुतात्मा दिन पाळला जातो. १७३० साली राजस्थानातील खेजडली येथे वृक्षांसाठी प्राणार्पण करणाऱ्या बिश्नोई स्त्रीपुरुषांची स्मृतीही या दिवसाशी निगडित आहे.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगातील संरक्षित भूक्षेत्रांत सुमारे २ लाख ८६ हजार रक्षक आहेत. २०३० पर्यंत ३० टक्के भूभागाचे संरक्षण साधावयाचे, तर सुमारे १५ लाख रक्षक लागतील. यौंट यांचा अभिप्राय आजही किती यथार्थ आहे, हे या आकड्यांवरून दिसून येते. हुतात्म्यांना अभिवादन करणे हे कर्तव्यच आहे; परंतु पुरेसे सहकारी, प्रशिक्षण, साधने आणि कुटुंबाला विम्याचे संरक्षण देऊन रक्षकाला सुखरूप घरी परतता येईल अशी व्यवस्था करणे, हे त्याहून मोठे कर्तव्य होय. वनांचे भवितव्य अखेरीस त्यावरच अवलंबून आहे.