मैदानामागचे दप्तर

प्रश्न : मी भंडाऱ्यातील महाविद्यालयात फुटबॉल खेळतो. संघाच्या व्यवस्थापनातच पुढील आयुष्य घडवता येईल का?

उत्तर : अवश्य. संघाची नोंदणी, खेळाडूंचे पात्रता-दाखले, प्रवासाचा बंदोबस्त आणि जमाखर्च ही सारी जबाबदारी आपल्याकडे ज्याच्या शिरावर असते, तो हुद्दा शारीरिक शिक्षण संचालकाचा होय. त्यासाठी पदवीनंतर बी.पी.एड. व किमान ५५ टक्के गुणांनी एम.पी.एड. करून नेट अथवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते, शारीरिक क्षमतेची कसोटीही द्यावी लागते. अमरावतीचे, १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या शिक्षणासाठी विख्यात आहे. तूर्त नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या वेळी आपल्या संचालकांच्या दप्तरात स्वेच्छेने काम करावे. कारण अकरा खेळाडू निश्चिंत मनाने मैदानात उतरतात, ते कुणीतरी आधी निष्ठेने केलेल्या तजविजीमुळेच.